हेलिओस ४४-२ आणि व्यक्तिचित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मॅन्युअल फोकस लेन्सविषयी सर्वसाधारण बोलू लागले की उत्तरे मोघम होतात, कारण प्रत्येक लेन्सची खोड वेगळी असते. म्हणून येथे एकच लेन्स समोर ठेवली आहे : हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ/२. जुन्या लेन्सकडे वळणाऱ्या बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा हीच पडते, आणि तिच्याविषयी जितके कौतुक ऐकू येते तितकेच गैरसमजही.

ही लेन्स मुळात कुठली?

सोव्हिएत संघातली. जर्मनीतील येना येथील कार्ल झाइस कंपनीत विली मेर्टे यांनी १९२७ साली आखलेल्या बायोटार या रचनेवर ती आधारलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर येनामधील यंत्रसामग्री आणि तांत्रिक ज्ञान युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेले, आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात ५८ मिमी बायोटारची सोव्हिएत आवृत्ती आकाराला आली. ४४-२ हा त्या मालिकेतला सर्वाधिक पसरलेला उपप्रकार, कारण झेनिट-ई या अतिशय खपलेल्या कॅमेऱ्याबरोबर तो दिला जात असे. चार गटांत बसवलेली सहा भिंगे, आठ पात्यांचे अपर्चर (उजेड आत सोडणारे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे), ४९ मिमीचे फिल्टरचे आटे, किमान फोकस अंतर अर्धा मीटर आणि एम४२ जातीचे स्क्रू माउंट, एवढी तिची कुंडली. सांगाडा पूर्ण धातूचा आहे, आत एकही विद्युत जोडणी नाही.

व्यक्तिचित्रासाठी ८५ मिमी हवी असे सांगतात. ५८ मिमी चालेल का?

चालेल, पण चौकट कोणती हवी यावर ते अवलंबून आहे. चेहऱ्याची ठेवण लेन्सच्या आकड्याने नव्हे, तर आपण किती अंतरावर उभे आहोत त्यावरून बदलते. व्यक्तीपासून साधारण दीड मीटर दूर उभे राहिले की नाक मोठे आणि कान लहान दिसण्याचा दोष जवळजवळ नाहीसा होतो. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला) कॅमेरा उभा धरून दीड मीटरवरून या लेन्सच्या चौकटीत सुमारे ९३ सेंमी उंचीचा भाग मावतो, म्हणजे कमरेपासून डोक्यापर्यंतचे चित्र नेमके बसते. फक्त चेहरा भरून हवा म्हणून पाऊण मीटरवर गेल्यास नाक पुढे येऊ लागते.

एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर त्याच दीड मीटरवरून सुमारे ६० सेंमीचा भाग मिळतो. डोके आणि छाती एवढ्या पारंपरिक चौकटीसाठी हे प्रमाण उत्तम आहे, कारण तिथे ही लेन्स फुल फ्रेमवरील ८७ मिमीएवढाच दृश्यकोन देते. लहान सेन्सरवर ही लेन्स वाया जाते असे मत वारंवार कानावर पडते, आणि चेहऱ्याचा विचार केला तर ते मला पटत नाही. वाया जाते ती चौकटीच्या कडेला पार्श्वभूमी गरगरल्यासारखी दिसण्याची खासियत, तिच्याविषयी पुढे येईलच.

माझ्या कॅमेऱ्यावर ती बसेल का?

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा असल्यास निःशंक बसेल. एम४२ लेन्सला फिल्म किंवा सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागते. सोनी ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिमी, निकॉन झेडमध्ये १६ मिमी, कॅनन आरएफमध्ये २० मिमी आहे. उरलेली जागा भरून काढणारी एक पोकळ धातूची नळी म्हणजेच अडॅप्टर. त्यात काच नसते, त्यामुळे महागड्या आणि स्वस्त अडॅप्टरमुळे चित्राच्या दर्जात फरक पडण्याचे विशेष कारण नाही. फरक पडतो तो घट्ट बसण्यात. सैल अडॅप्टरवर फोकस रिंग फिरवताना पूर्ण लेन्सच हलते आणि बारीक फोकस साधणे अशक्य होते.

कॅनन ईएफ माउंटच्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात) ४४ मिमी अंतर असल्याने दीड मिमीहून कमी जाडीची चकती पुरते. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये मात्र अंतर ४६.५ मिमी, म्हणजे गरजेपेक्षा एक मिमी जास्त आहे. काचेशिवायच्या अडॅप्टरवर तिथे दोन-तीन मीटरपलीकडचे काही स्पष्ट होत नाही. सुधारक काच असलेले अडॅप्टर मिळतात, पण स्वस्त काच चांगल्या लेन्सवर पाणी फिरवते. केवळ जवळून चेहरेच टिपायचे असतील, तर काच नसलेला अडॅप्टर घेऊन मर्यादा स्वीकारणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

लेन्स बसवली, पण शटरच उघडत नाही.

लेन्स जोडलेलीच नाही असा कॅमेऱ्याचा समज झालेला असतो. मेन्यूमध्ये लेन्सविना शटर उघडू देणारा पर्याय असतो, तो चालू करावा. मोड अपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल ठेवावा. कॅमेऱ्याच्या आत स्थिरीकरणाची सोय असेल तर तिथे ५८ मिमी हा आकडा स्वतः भरावा, नाहीतर कॅमेरा चुकीच्या प्रमाणात थरथर भरून काढतो. हा आकडा नसल्यास त्याच्या जवळचा निवडावा.

लेन्सवर अपर्चरच्या दोन रिंगा कशासाठी?

ही जुन्या काळची प्रीसेट पद्धत आहे. पुढची रिंग टप्प्याटप्प्याने, खट् आवाज करत फिरते आणि अपर्चर किती लहान होऊ द्यायचे याची सीमा ठरवते. मागची रिंग आवाज न करता मोकळी फिरते आणि पूर्ण उघड्या अपर्चरपासून त्या सीमेपर्यंत पाती उघडते-मिटते. फिल्म कॅमेऱ्यात अपर्चर लहान केले की व्ह्यूफाइंडर अंधारत असे, म्हणून छायाचित्रकार उघड्या अपर्चरवर फोकस करत आणि मग न पाहता रिंग सीमेपर्यंत फिरवून शटर दाबत. मिररलेसच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये उजेड आपोआप सावरला जात असल्याने सीमा कायमची एफ/१६ वर ठेवून मागच्या रिंगने हवे ते अपर्चर निवडले तरी काम भागते.

फोकस डोळ्यावर नेमका कसा आणावा? माझी निम्मी चित्रे हुकतात.

आधी किती जागेत खेळायचे आहे ते पाहू. फुल फ्रेमवर, एफ/२ ला, दोन मीटरवरून सुमारे १४ सेंमी खोली स्पष्ट दिसते, दीड मीटरवरून सुमारे ८ सेंमी आणि एक मीटरवरून जेमतेम साडेतीन सेंमी. हे हिशेब मध्यम आकाराच्या छपाईसाठी गृहीत धरलेल्या ढोबळ मापाचे आहेत. पडद्यावर चित्र पूर्ण मोठे करून पाहणाऱ्यासाठी ही खोली आणखी कमी भरते. माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण ६ सेंमी अंतर असते. चेहरा ४५ अंशांनी वळला की एक डोळा दुसऱ्याच्या चारेक सेंमी मागे जातो. म्हणजे एक मीटरवरून, वळलेल्या चेहऱ्याचे दोन्ही डोळे एफ/२ ला स्पष्ट येणारच नाहीत, कौशल्य कितीही असले तरी. अशा वेळी कॅमेऱ्याकडचा डोळा निवडावा किंवा एफ/४ वर जावे.

फोकस तपासण्याची दोन साधने मिररलेसमध्ये असतात. स्पष्ट कडांवर रंगीत ठिपके दाखवणारे फोकस पीकिंग पटकन दिशा दाखवते, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नये. त्याला ठळक विरोध (उजेड-अंधारातला फरक, कॉन्ट्रास्ट) असलेली कडा आवडते, डोळा नव्हे. नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या स्त्रीचे चित्र घेताना पीकिंग हमखास नथीच्या मोत्यांवर चमकते, आणि नथ डोळ्याच्या दोन-तीन सेंमी पुढे असते. त्यामुळे चेहरा लख्ख आणि नजर मऊ असे चित्र हाती येते. दुसरे साधन म्हणजे चौकटीचा भाग मोठा करून पाहणे. त्याला एखादे बटण नेमून द्यावे, पापण्यांचे केस दिसेपर्यंत भाग मोठा करावा आणि मगच शटर दाबावे.

याहून महत्त्वाची गोष्ट शरीराच्या सवयीची आहे. मोठे करून पाहणे आणि शटर दाबणे यांच्यामध्ये आपण श्वास घेतो, समोरची व्यक्ती किंचित डुलते, आणि तेवढ्यात तीन-चार सेंमी निघून जातात. म्हणून अंतर ठरवून रिंग जागेवर सोडावी, कोपरे छातीशी टेकवावीत आणि बारीक दुरुस्ती रिंगेने न करता कंबरेतून अगदी थोडे पुढे-मागे होऊन करावी. डोळ्यातली चमक तीक्ष्ण झाल्याचे दिसले की दाबावे, लागोपाठ तीन-चार चित्रे घ्यावीत. शक्य असल्यास व्यक्तीला भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकू द्यावे. हुकणाऱ्या चित्रांची संख्या सर्वांत जास्त या साध्या उपायाने घटते.

डीएसएलआरच्या प्रकाशीय व्ह्यूफाइंडरमध्ये एफ/२ चा फोकस नजरेने साधू नये. आजच्या फोकसिंग स्क्रीन उजळपणासाठी बनवलेल्या असतात आणि एफ/२.८ च्या आसपासपेक्षा उथळ खोली त्या दाखवतच नाहीत. मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यू वापरावा.

प्रसिद्ध गरगरती पार्श्वभूमी माझ्या चित्रांत का येत नाही?

कारण ती लेन्समधून आपोआप झिरपत नाही, तिच्यासाठी मांडणी करावी लागते. चौकटीच्या कडेकडून तिरका येणारा प्रकाश लेन्सच्या नळीच्या पुढच्या आणि मागच्या कडेला अंशतः अडतो, त्यामुळे तेथील धूसर ठिपके गोल न राहता बदामाच्या आकाराचे होतात. हे बदाम चौकटीच्या मध्याभोवती फेर धरल्यासारखे मांडले जातात. प्रतिमेचे पृष्ठ वक्र असणे आणि कडेला राहून गेलेला अॅस्टिग्मॅटिझम (उभ्या आणि आडव्या रेषा एकाच वेळी स्पष्ट न होणे) हे दोष त्यात भर घालतात. थोडक्यात, आधुनिक लेन्समध्ये अभियंत्यांनी खपून काढून टाकलेले दोषच आपण येथे मागत असतो.

त्यासाठी अपर्चर एफ/२ च हवे, कारण एफ/२.८ ला परिणाम बराच ओसरतो आणि एफ/४ ला जवळपास संपतो. व्यक्ती दीड ते दोन मीटरवर असावी. पार्श्वभूमी तिच्या मागे काही मीटरवर असावी, फार दूर गेली तर सगळा लोण्यासारखा गोळा होतो आणि फेर दिसत नाही. पार्श्वभूमीत बारीक उजेड-सावलीचे तुकडे हवेत : चिंचेची किंवा गुलमोहराची बारीक पाने आणि त्यांतून डोकावणारे आकाश याहून चांगली जागा नाही. सपाट भिंत, निरभ्र आकाश किंवा समुद्र यांपुढे ही लेन्स इतर कोणत्याही लेन्ससारखीच वागते. परिणाम कडेला असल्याने व्यक्ती मध्यभागी ठेवावी लागते. एपीएस-सी सेन्सर नेमकी हीच कड कापून टाकतो, म्हणून तिथे फेर पुसट दिसतो.

माझे मत विचाराल तर गरगर हे या लेन्सचे सर्वांत दिखाऊ आणि सर्वांत लवकर कंटाळा आणणारे अंग आहे. दहा चित्रांच्या संचात एक गरगरते चित्र शोभते, दहाही तशीच असतील तर माणसे विसरली जातात आणि पाने लक्षात राहतात. लेन्सचा खरा उपयोग एफ/२.८ वर, खिडकीच्या उजेडात, समोरची व्यक्ती कॅमेरा विसरेपर्यंत संथ काम करण्यात आहे.

एफ/२ ला चित्र फिके, धुरकट का दिसते?

मध्यभागी तपशील असतो, पण विरोध कमी असतो. ४४-२ च्या बहुतेक प्रतींवरचे भिंगांचे लेप साधे आहेत, त्यामुळे समोरून किंवा तिरका येणारा उजेड आत उसळून पूर्ण चित्रावर पांढरट पडदा टाकतो. ४९ मिमीचा रबरी हूड लावावा, आणि तो नसेल तर हाताची सावली भिंगावर धरावी. मावळतीचे ऊन व्यक्तीच्या पाठीशी ठेवून केलेल्या चित्रांत हाच पडदा हवाहवासा वाटतो, म्हणून तो कधी येऊ द्यायचा हे आपण ठरवावे. त्वचेसाठी कमी विरोध फायद्याचाच आहे, कारण चेहऱ्यावरील बारीक खडबडीतपणा उठून दिसत नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घेतल्यास नंतर काळा रंग थोडा खाली ओढला की चित्र सावरते.

भर दुपारच्या उन्हात एफ/२ कसे वापरावे?

आयएसओ १०० ला लख्ख उन्हात एफ/१६ साठी साधारण १/१०० सेकंद लागतो. एफ/२ म्हणजे सहा टप्पे जास्त उजेड (प्रत्येक टप्प्याला उजेड दुप्पट), म्हणजेच सुमारे १/६४०० सेकंद. पुष्कळ कॅमेऱ्यांचे यांत्रिक शटर १/४००० ला थांबते. दोन-तीन टप्प्यांचा एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर वापरता येतो, पण वैशाखातल्या उन्हात चेहरा टिपण्याचा मुळात आग्रह का धरावा? ओसरीत किंवा झाडाच्या दाट सावलीत गेल्यास उजेड तीनेक टप्प्यांनी उतरतो, १/८०० च्या आसपास शटर मिळते आणि डोळ्यांखालच्या सावल्याही जातात.

लग्नात ही लेन्स वापरावी का?

मुख्य विधींसाठी नाही. अंतरपाट दूर होतो आणि अक्षता पडतात तो क्षण पुन्हा मागता येत नाही, तिथे ऑटोफोकसच हवा. मंगलाष्टके सुरू होण्यापूर्वी नवरीची तयारी चाललेली असताना, किंवा जेवणे उरकल्यावर दोघे निवांत असताना ही लेन्स बाहेर काढावी. मुंडावळ्या बांधलेल्या असतील तर पीकिंग बंदच ठेवावे, कारण डोळ्यांसमोर लोंबणारे मोती त्याला आधी दिसतात. चौकट मोठी करून पापणीवर फोकस आणावा.

विकत घेताना काय तपासावे?

भिंगाच्या पुढून छोटी विजेरी मारून मागच्या बाजूने आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. सर्वत्र दुधाळ थर दिसला तर आतील वंगणाची वाफ भिंगावर बसलेली असते. धुळीचे चार कण आणि पुढच्या भिंगावरील एखादा केसाएवढा ओरखडा यांना घाबरू नये, चित्रात ते जवळजवळ दिसत नाहीत. मागच्या भिंगावरील ओरखडा मात्र टाळावा. अपर्चरच्या पात्यांवर तेल चमकत असेल तर स्वयंचलित अपर्चरच्या लेन्समध्ये तो मोठा दोष ठरतो, पण ४४-२ मध्ये पाती हातानेच फिरत असल्याने काम अडत नाही, फक्त ते तेल पुढे भिंगांवर उतरण्याची शक्यता राहते.

फोकस रिंग पूर्ण फिरवून पाहावी. जुने वंगण सुकून ती जड झालेली असणे ही अगदी सामान्य तक्रार आहे आणि जाणता कारागीर वंगण बदलून ती दुरुस्त करतो. मात्र मध्येच अडकणे किंवा पुढे-मागे खडखडणे हे आट्यांच्या झिजेचे लक्षण असू शकते. शेवटी कॅमेऱ्यावर लावून दूरच्या इमारतीवर फोकस येतो का ते पाहावे. येत नसेल तर मागे कोणीतरी लेन्स उघडून चुकीची जोडलेली असण्याची शक्यता असते. फोकस रिंगवरील तीन बारीक स्क्रू सैल करून ही जुळणी पुन्हा करता येते.

मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्यांची जुनी दुकाने आहेत, तिथे हातात घेऊन पाहता येते. परदेशातून मागवल्यास किमतीत सीमाशुल्क आणि टपालखर्च धरूनच हिशेब करावा. अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा निर्मितीचे वर्ष सांगतात, तरी वर्षापेक्षा प्रतीची अवस्था पाहून निर्णय घ्यावा.

४४एम, ४४एम-४ वगैरे घेतली तर?

प्रकाशीय रचना तीच आहे. एम मालिकेत अपर्चर स्वयंचलित आहे, पाती सहा आहेत आणि फिल्टर ५२ मिमीचा लागतो. ४४एम-४ आणि त्यापुढच्या प्रकारांत अपर्चर हाताने मिटवण्याचा खटका नाही, त्यामुळे मागची पिन दाबून ठेवणारी कड असलेला अडॅप्टर घ्यावा लागतो, नाहीतर लेन्स कायम एफ/२ वरच राहते.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती कशी ठेवावी?

चामड्याच्या जुन्या पेटीत मुळीच ठेवू नये. चामडे ओल धरते आणि बुरशीला खाद्य पुरवते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरेसे आहे. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावी. फार कोरडे केल्यास वंगण लवकर सुकते. सिलिका जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरावे, कारण ओले झालेले जेल डब्यात असून नसल्यासारखे असते. लेन्स आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरणे हाही चांगला उपाय आहे.

जुन्या लेन्स किरणोत्सर्गी असतात का?

काही असतात, हेलिओस ४४-२ त्यांत मोडत नाही. सात भिंगांच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मध्ये थोरियमयुक्त काच वापरलेली आहे. वर्षानुवर्षांनी ती काच पिवळी पडते आणि काही दिवस उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवल्यास बऱ्याच अंशी निवळते. अशा लेन्सने चित्रे घेण्यात चिंतेचे कारण नाही, पण तिचे भिंग फोडू किंवा घासू नये.

पुढचे भिंग उलटे बसवून स्वप्नवत परिणाम मिळवावा का?

मिळतो खरा : मध्य स्पष्ट आणि कडा वितळलेल्या. पण एका हौसेसाठी चांगली प्रत उघडू नये. ओरखडे पडलेली स्वस्त प्रत मिळाली तर तिच्यावर करून पाहावे.

गरगर नको, जुनी लेन्स मात्र हवी. दुसरी कोणती घ्यावी?

निकॉर १०५ मिमी एफ/२.५. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये पाकिस्तानातील निर्वासित छावणीत टिपलेले आणि जून १९८५ च्या नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आलेले अफगाण मुलीचे व्यक्तिचित्र याच लेन्सने घेतलेले आहे. पार्श्वभूमी शांत राहते, चेहरा एफ/२.५ लाच तीक्ष्ण येतो, आणि अडीच-तीन मीटर दूर राहिल्याने संकोची व्यक्तीही मोकळी होते. निकॉनच्या डीएसएलआरवर ती अडॅप्टरशिवाय बसते, मात्र घेताना एआय किंवा एआय-एस (१९७७ पासूनच्या सुधारित अपर्चर रिंगची) प्रत असल्याची खात्री करावी. १९७७ पूर्वीच्या, बदल न केलेल्या प्रती बहुतेक डीएसएलआरवर चढवू नयेत, कारण त्यांच्या अपर्चर रिंगची मागची कड कॅमेऱ्याच्या माउंटलगतच्या खटक्यावर दाबून तो मोडू शकते. मिररलेसवर साध्या अडॅप्टरने त्याही निर्धास्त वापरता येतात.